प्रवासाचं विचारा : काठमांडू पेटलं होतं, मग आता जायचं का नाही?

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच टाइपचे आहेत. देश वेगळा, गाव वेगळं, पण शेवटी विचारायचं एकच, "भाऊ, तिथं काहीतरी गडबड चालू आहे म्हणतात, जाऊ का?" म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो आणि आज हेच. नावं छापत नाहीये, फक्त गाव टाकतोय, कारण दोन-तीन घरांत यावरून चांगलाच वाद चालू आहे असं पत्रांवरून दिसतंय आणि त्यात मला ओढू नका.

प्रश्न : आमच्या कॉलनीतल्या बायकांचा ग्रुप आहे, बहुतेक सगळ्या साठीच्या पुढच्या. २७ फेब्रुवारी २०२६ ला रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौली बॉर्डर, लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, मग काठमांडूला पशुपतिनाथ आणि ८ मार्चला घरी. अॅडव्हान्स देऊन झालाय. मुलगा पुण्याला असतो, तो रोज सप्टेंबर २०२५ मधले जाळपोळीचे व्हिडिओ पाठवतो आणि म्हणतो आई, विषय बंद. टूरवाला म्हणतो काकू, एकदम ओके आहे सगळं. माझी अमळनेरची जाऊबाई म्हणते, "देव बलावस मंग जावानंच." आता कोणाचं ऐकू? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, मुलाचं पण चूक नाही आणि टूरवाला पण अगदीच खोटं बोलत नाहीये, पण दोघांपैकी एकानंही तुमच्या तारखा कॅलेंडरला लावून बघितलेल्या दिसत नाहीत. नेपाळमध्ये ५ मार्च २०२६ ला निवडणूक ठरलेली आहे. तुमच्या प्रोग्रामप्रमाणे त्या दिवशी तुम्ही मुक्तिनाथहून खाली उतरून काठमांडूच्या रस्त्यावर कुठंतरी असणार. नेपाळात मतदानाच्या दिवशी पास नसलेल्या गाड्यांना रस्त्यावर येऊ देत नाहीत, आणि मतदानाच्या आधी भारताकडची सीमा बंद ठेवायची पद्धत आहे, २०२२ च्या निवडणुकीत पण ठेवली होती. म्हणजे कुठं एक दगड पडला नाही, एक टायर जळालं नाही, सगळं शांततेत पार पडलं तरी तुमचा ग्रुप कुठल्यातरी लॉजमध्ये बसून राहणार, पुढचं बुकिंग हुकणार, गोरखपूरची परतीची गाडी हुकणार आणि मोजून नेलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या संपत येणार. हे कळायला ज्योतिषी लागत नाही, तारीख जाहीर आहे. टूरवाल्यानं ही तारीख बघून पण प्रोग्राम तसाच ठेवला असेल तर मला त्याच्या "एकदम ओके"चीच जास्त काळजी वाटते.

आता सप्टेंबरचं. तुमचा मुलगा जे पाठवतोय ते खरं आहे, पण तुकड्यातुकड्यानं बघितलं की नुसती आग दिसते, काय कशानंतर झालं ते कळत नाही. ४ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सरकारनं फेसबुक, व्हॉट्सअॅप, यूट्यूबसकट २६ अॅप बंद केले. ८ तारखेला तरुण पोरं रस्त्यावर आली, राग नुसता अॅपचा नव्हता, पुढाऱ्यांच्या पोरांची चैन आणि भ्रष्टाचार हे आधीपासून खदखदत होतं, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्या एका दिवसात १९ जण गेले. ९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद, सिंहदरबार म्हणजे तिथलं मंत्रालय, सुप्रीम कोर्ट पेटवलं गेलं, विमानतळ बंद झालं. १० तारखेला संध्याकाळी विमानं परत सुरू झाली. १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. मेलेल्यांचा आकडा शेवटी सत्तरच्या वर गेला. म्हणजे आदल्या आठवड्यात पोखऱ्यात बोटिंग करत असलेल्या माणसाला काही कल्पना नव्हती, आणि पुढच्या आठवड्यात तिथली दुकानं बऱ्यापैकी उघडली पण होती.

यातून माझ्यासारखा ग्रुप नेणारा माणूस दोन गोष्टी बघतो. पहिली, राग कोणावर होता? पुढारी, मंत्र्यांचे बंगले, सरकारी इमारती आणि पुढाऱ्यांशी ज्यांचं नाव जोडलेलं अशी मोठी हॉटेलं. टुरिस्टवर नव्हता, भारतीय म्हणून तर नाहीच. पण आग लागली की ती पासपोर्ट बघत नाही. काठमांडूतलं मोठं हॉटेल पेटलं तेव्हा जीव वाचवताना आपल्याकडच्याच, उत्तर प्रदेशातल्या एका बाईंचा जीव गेला, पशुपतिनाथाला आलेल्या होत्या. आणि दर्शन करून परतणाऱ्या आंध्रच्या यात्रेकरूंची बस सोनौलीजवळ फोडली, सामान लुटलं. त्यात तिथल्या तुरुंगांतून १३ हजारांहून जास्त कैदी पळाले होते, सगळे काही परत सापडले नाहीत. म्हणून गल्लीतल्या साध्या धर्मशाळेत उतरलेला माणूस त्या दोन दिवसांत पंचतारांकितवाल्यापेक्षा जास्त निवांत होता आणि हॉटेलात बसून राहिलेला माणूस बसमध्ये असलेल्यापेक्षा सुरक्षित होता. भारताच्या परराष्ट्र खात्यानं पण तेव्हा हेच सांगितलं होतं, जे तिथं आहेत त्यांनी आहे तिथंच थांबा, बाहेर पडू नका, आणि जे निघणार आहेत त्यांनी परिस्थिती निवळेपर्यंत निघू नका.

दुसरी गोष्ट लिहिताना हात जड होतो पण आपल्या भागात राहून ती टाळता येत नाही. नेपाळमध्ये आपल्या जिल्ह्यातली माणसं गेली ती दंगलीत नाही. २३ ऑगस्ट २०२४ ला वरणगाव-भुसावळ भागातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली, २७ जण गेले. वायुसेनेच्या विमानानं मृतदेह जळगावला आणले होते, ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्याकडे त्या घरांना ओळखणारे असतीलच. भर दिवसाची वेळ होती, पावसाळा होता, देशात कसलंही आंदोलन नव्हतं. त्याच्या महिनाभर आधी, जुलैत, नारायणघाट-मुग्लिन रस्त्यावर दरड येऊन दोन बसच्या बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. तुमच्या मुलाला म्हणावं, जाळपोळीचे व्हिडिओ पाठवतोस ते ठीक, पण टूरवाल्याला हे विचार : बस कोणती, ड्रायव्हर किती, रात्री घाटात गाडी चालवणार का, परमिट आणि भंसारचे, म्हणजे नेपाळी कस्टमचे, कागद कोणाच्या नावावर, मुक्तिनाथला वर जाताना हीच बस नेणार का जोमसोमकडची लोकल जीप घेणार. याला जो टूरवाला चिडतो त्याच्याकडून अॅडव्हान्स परत मागायला माझी अजिबात हरकत नाही.

मग माझं म्हणणं काय? जा, पण या तारखांना नाही. निवडणूक होऊ द्या, निकाल लागू द्या, नवं सरकार बसेपर्यंत दोनेक आठवडे जाऊ द्या, कारण मोर्चे निघायचे ते मतदानाच्या दिवशी नाही, निकाल कोणाला पटला नाही की निघतात. एप्रिलचा पहिला पंधरवडा घ्या. मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या वर आहे, फेब्रुवारी अखेरीस तिथं साठीच्या बायकांना घेऊन जाणं हे थंडीमुळेच मला पटलं नव्हतं. मेच्या पुढं मात्र ढकलू नका, पावसाळ्यात त्या रस्त्यावर मी माझ्या आईला नेणार नाही.

आणि निघायच्या आठवड्यात टीव्ही नको, फोन करा. पोखऱ्याच्या तुमच्या हॉटेलला. पण "भैया, सेफ है ना?" असं विचारू नका, धंदा करणारा माणूस नाही कशाला म्हणेल. त्याला विचारा, आज शाळा भरली का, सकाळी दूध-भाजीची गाडी आली का, पेट्रोलला लाइन आहे का, काठमांडूची रात्रीची बस काल सुटली का. या चार प्रश्नांची उत्तरं तो पटापट देतो, विचार न करता, आणि त्यातूनच खरं कळतं. शाळा बंद आणि पंपावर लाइन असेल तर मग तो "सब बढिया" म्हणू दे नाहीतर काही म्हणू दे.

सोबत मतदान ओळखपत्र ओरिजिनल किंवा पासपोर्ट, नुसत्या आधारवर काठमांडूचं विमान धरायला गेलात आणि वय पासष्टच्या आत असेल तर परत पाठवतील, आणि गरज पडली की विमानानंच परतावं लागतं हे लक्षात घ्या. १०० च्या नोटा. पोचल्या पोचल्या ग्रुपमध्ये निदान दोन नेपाळी सिमकार्ड. भारतीय दूतावासाचे काठमांडूचे नंबर मोबाईलमध्ये नाही, कागदावर लिहून प्रत्येकीच्या पर्समध्ये. गोळ्या प्रोग्रामपेक्षा आठवडाभर जास्तीच्या. जाऊबाईंना सांगा देव एप्रिलमध्ये पण बोलावतो.

प्रश्न : फॅमिलीसोबत परदेशात चाललोय, देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाय, महागातला. मग समजा तिकडे दंगल-बिंगल झाली तर पैसे मिळतील ना? की टेन्शन घ्यायचं? — एक वाचक, धुळे

उत्तर : घ्यायचं. म्हणजे टेन्शन नाही, पॉलिसी घ्यायची हातात, आणि पहिलं पान सोडून शेवटून वाचायला लागायचं, जिथं बारीक अक्षरात "यासाठी पैसे मिळणार नाहीत" असं असतं. बऱ्याच पॉलिसीत युद्ध, यादवी, बंड, सत्तापालट हे सरळ बाहेर असतं. दंगल आणि संप काहींमध्ये आत असतो काहींमध्ये नसतो, आणि आत असला तरी तुमचं हॉस्पिटलचं बिल देतील पण ट्रिप कॅन्सल केली म्हणून देतीलच असं नाही, ती वेगळी रक्कम वेगळ्या कलमात असते. दुसरं असं की सरकारनं "जाऊ नका" असा सल्ला दिलेला असताना तुम्ही गेलात तर कंपनी हात वर करू शकते. आणि तिसरं, यात लोक हमखास फसतात, गडबड सुरू झाल्यावर काढलेली पॉलिसी त्या गडबडीसाठी उपयोगाची नसते, कारण तेव्हा ती सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट झालेली असते. म्हणून काढायची तर तिकीट काढलं त्याच दिवशी.

आणि तुम्हाला "भीती वाटते म्हणून नाही गेलो" याला जगातली कुठलीही कंपनी सहसा पैसे देत नाही. तिथं इन्शुरन्सपेक्षा कॅन्सल करता येणारं हॉटेल कामाला येतं, रात्रीमागं थोडे जास्त जातात पण आदल्या दिवशीपर्यंत मोकळे असता. विमान कंपनीनं स्वतः फ्लाइट रद्द केली तर तिकिटाचे पैसे परत मागता येतात, तुम्ही आधीच घाबरून कॅन्सल केलं तर कॅन्सलेशन चार्ज कापला जातो, त्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत जरा दम धरा. टूरवाल्याकडून मात्र एक ओळ लिहून घ्या, व्हॉट्सअॅपवर का होईना, की परराष्ट्र खात्यानं जाऊ नका म्हटलं तर किती टक्के परत देणार. तोंडी "भाऊ आपलं घरचंच आहे" याला अर्थ नाही. देशाचं नाव का लपवलंत ते कळलं नाही, पण असो.

प्रश्न : श्रीलंकेचं बुकिंग करतोय, मित्र म्हणतात वेडा आहेस का, तिथं लोक राष्ट्रपतीच्या स्विमिंग पूलमध्ये पोहत होते. — एक वाचक, शिरपूर

उत्तर : ते जुलै २०२२ मधलं आहे हो. पेट्रोल, गॅस, औषधं काहीच मिळत नव्हतं, लोकांनी ९ जुलैला राष्ट्रपती भवन ताब्यात घेतलं आणि गोटाबाया राजपक्षे देश सोडून पळाले. तेव्हा जायचं नव्हतं याचं कारण गर्दी नाही, गाडीत टाकायला पेट्रोल नव्हतं हे होतं. त्यानंतर तिथं रीतसर निवडणूक झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके निवडून आले. मित्र जुन्या व्हिडिओवर जगतायत. तुम्ही राजकारण सोडा, पाऊस बघा : नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दितवा चक्रीवादळानं तिथं शेकडो माणसं गेली, कँडी, नुवारा एलिया, बदुल्ला या डोंगरी भागात दरडी कोसळल्या, रेल्वेलाईन तुटली. आणि सगळ्यांना फोटो काढायचे असतात ते नेमके त्याच डोंगरातल्या निळ्या रेल्वेत. ती लाईन पूर्ण चालू आहे का ते आधी बघा, नसेल तर दक्षिणेचा किनारा करा, गॉल, मिरिसा.

प्रश्न : मुलगा किर्गिझस्तानात, बिश्केकला एमबीबीएस करतोय, तिसरं वर्ष. तो म्हणतो पप्पा-मम्मी, उन्हाळ्यात या. पण २०२४ मध्ये तिथं परदेशी पोरांना होस्टेलमध्ये घुसून मारलं होतं, तेव्हा आम्ही तीन रात्री झोपलो नव्हतो. सौ. म्हणतात आपण नाही जायचं, त्यालाच बोलवा. देश सुरक्षित आहे का तेवढं सांगा. — एक वाचक, शहादा

उत्तर : दादा, "देश सुरक्षित आहे का" याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याला काहीतरी विकायचं असतं. पण तुमचा प्रश्न मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटला कारण वर नेपाळबद्दल जे लिहिलंय त्याच्या बरोब्बर उलटी गोष्ट इथं आहे.

किर्गिझस्तानात रस्त्यावरच्या गर्दीनं आतापर्यंत तीन सरकारं घालवली, २००५, २०१० आणि २०२० ला. कागदावर बघितलं तर महाअस्थिर देश. पण बिश्केकमध्ये ती गर्दी मधल्या आला-तू चौकात आणि सरकारी इमारतीवर जायची, चार गल्ल्या सोडून होस्टेलमधली पोरं कुकर लावत असायची. २०१० मध्ये दक्षिणेला ओशमध्ये मात्र किर्गिझ आणि उझबेक लोकांत भयंकर दंगल झाली आणि तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांना विमानानं हलवावं लागलं, पण ते पण मधे सापडले म्हणून, त्यांच्यावर राग नव्हता. मे २०२४ मध्ये सरकार एकदम पक्कं होतं, निवडणूक नव्हती, मोर्चा नव्हता, आणि तरी १७-१८ मेच्या रात्री जमाव परदेशी पोरांच्या होस्टेलवर चालून गेला. कारण काय तर १३ तारखेला तिथली पोरं आणि इजिप्तची पोरं यांची मारामारी झाली, तिचा व्हिडिओ चार दिवसांनी फिरला. जमावाला इजिप्तचा कोण, पाकिस्तानचा कोण, शहाद्याचा कोण काही फरक नव्हता, परदेशी एवढं पुरे होतं. तेव्हा भारतीय दूतावासानं पोरांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं, तुम्हाला आठवत असेलच.

म्हणून बिश्केकसाठी बातम्यांत "सरकार पडणार का" हे शोधू नका. तिथल्या लोकांचा परदेशी पोरांवरचा राग वाढतोय का हे बघा, आणि ते तुम्हाला पेपर नाही, मुलगाच सांगू शकेल, पण सरळ विचारलं तर तो "काही नाही पप्पा" म्हणेल. त्याला असं विचारा की रात्री दहाला दुकानात एकटा जातोस का. मार्श्रुत्कात, म्हणजे तिथल्या त्या छोट्या बसमध्ये, हिंदीत फोनवर बोलतोस का की आवाज बारीक करतोस. घरमालकीण बोलते का नीट. होस्टेलच्या दाराशी वॉचमन आहे का. आता तो बोलेल.

तुम्हा दोघांचं म्हणाल तर जा. पन्नाशीचे नवरा-बायको, सौ. साडीत, हे तिथल्या टवाळ पोरांचं टार्गेट नाही, तुम्ही तिथं आजी-आजोबांच्या कॅटेगरीत मोडता, राग मानू नका. पोराच्या होस्टेलवर उतरू नका, वेगळी खोली घ्या. आणि या निमित्तानं तो राहतो ती जागा, तिचा मागचा दरवाजा कुठं आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून या, ते त्याला इथं बोलावून होणार नाही.

प्रश्न : लग्न मेमध्ये, हनिमून थायलंड, फुकेत आणि बँकॉक. सासरे म्हणतात थायलंड-कंबोडियाचं युद्ध चालू आहे, रद्द करा. रद्द करायचं का? — एक वाचक, नंदुरबार

उत्तर : जळगावला एका चौकात दगडफेक झाली की पुण्याची मावशी नंदुरबारला फोन करून विचारते ना, तुम्ही बरे आहात ना, तसं आहे हे. जुलै २०२५ मध्ये आणि परत डिसेंबरमध्ये जी तोफबाजी झाली ती पूर्वेला कंबोडियाच्या सीमेवर, सुरिन, सिसाकेत, उबोन यांसारख्या जिल्ह्यांत. फुकेत दुसऱ्या टोकाला, समुद्रात. सासऱ्यांसमोर मोबाईलवर नकाशा उघडा आणि दोन्हीवर बोट ठेवून दाखवा, तोंडी समजावू नका. फक्त त्याच ट्रिपमध्ये "चला रस्त्यानं अंगकोर वाट पण करून घेऊ" हे डोक्यात असेल तर काढून टाका, जमिनीवरची ती सीमा २०२५ च्या जूनपासूनच बंद आहे.

थायलंडबद्दल माझी भीती वेगळीच आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये आंदोलकांनी बँकॉकचं मोठं विमानतळच ताब्यात घेतलं होतं, आठवडाभर, लाखो टुरिस्ट अडकले. टुरिस्टवर कोणी हात टाकला नाही, पण जाताही येत नाही. २०१४ ला लष्करानं सत्ता घेतली तेव्हा टुरिस्टला जाणवलं काय, तर रात्री लवकर हॉटेलात परत यायचं. म्हणून परतीच्या दिवशी लगेच ड्युटीवर हजर व्हायचं असं ठेवू नका, दोन दिवस जास्तीची रजा टाका. हनिमून आहे, ऑफिसवाले समजून घेतील.

प्रश्न : केळीचं पॅकहाऊस आहे. माल मुंबईहून कंटेनरनं इराणला जातो. तिकडचा पार्टीवाला म्हणतो एकदा येऊन भेट, गोडाऊन बघ, पुढच्या सीझनचं ठरवू. धंद्याचा माणूस आहे, खोटं बोलणार नाही. तो म्हणतो इथं काही नाही. जाऊन येऊ का आठ दिवस? — एक वाचक, रावेर

उत्तर : सध्या नको. तो खोटं बोलत नसेल, तो तिथं राहतो, त्याच्यासाठी ते रोजचं आहे. तुम्ही रावेरहून जाणार, भाषा येत नाही, गडबड झाली तर तो त्याच्या बायका-पोरांना बघेल का तुम्हाला?

जून २०२५ चं आठवा. १३ तारखेला इस्रायलनं हल्ला केला आणि आकाश बंद. तुमच्याकडं परतीचं कन्फर्म तिकीट असलं तरी विमानच नाही. भारतानं ऑपरेशन सिंधू करून आपली माणसं काढली, पण कशी ते बघा : उत्तर इराणमधल्या विद्यार्थ्यांना बसनं आधी आर्मेनियाच्या सीमेपार नेलं, मग येरेवानहून विमान, पहिले ११० जण १९ जूनला दिल्लीत उतरले. नंतर इराणमधल्याच मशहदहून खास परवानगीनं विमानं निघाली. म्हणजे सरकार काढतं, काढलंच, त्याआधी सुदानमधून कावेरी आणि युक्रेनमधून गंगा ऑपरेशन पण झालं. पण तोपर्यंतचे दिवस तुमचे तुम्हाला काढायचे असतात, आणि मग सीमेपर्यंतचे शेकडो किलोमीटर बसमध्ये. विद्यार्थी होते, झोळी उचलून निघाले. तुमचं वय आणि तुमची ती अँजिओप्लास्टी, तुम्हीच पत्रात लिहिलंय म्हणून म्हणतो.

शिवाय व्हिसाचं पण बदललंय. भारतीयांना टुरिस्ट म्हणून व्हिसा लागत नव्हता ती सवलत इराणनं २२ नोव्हेंबर २०२५ पासून थांबवली, कारण नोकरीचं आमिष दाखवून आपल्या पोरांना तिकडं नेऊन खंडणीसाठी पळवण्याचे प्रकार झाले. आपल्याच परराष्ट्र खात्यानं हे सांगितलं होतं. एखादा एजंट अजून "व्हिसा-फ्री आहे शेठ, फक्त तिकीट काढा" म्हणत असेल तर त्याच्यापासून लांब राहा, त्याला एकतर माहीत नाही किंवा चांगलं माहीत आहे.

तुम्ही उलटं करा. त्यालाच बोलवा. बाग बघू दे, घड उतरताना, फण्या धुताना, बॉक्स भरताना बघू दे, प्री-कूलिंग कसं करता ते बघू दे, त्याला पण माल कुठून येतो ते बघायची इच्छा असेलच. पार्टी मोठी असेल तर येईल. नाही म्हणाला तर व्हिडिओ कॉलवर गोडाऊन दाखव म्हणा, पण त्यात एक करा, तो ठरवेल त्या वेळी नाही, तुमचा कंटेनर उतरतो त्या दिवशी दाखवायला लावा, दार उघडताना. आणि पुढच्या सीझनचा भाव ठरवताना बंदर बंद पडून माल अडकला तर नुकसान कोणाचं हे आधी लिहून घ्या, केळी काही परिस्थिती निवळायची वाट बघत बसत नाहीत.